ब्रदरन मंडळी (सुरत परिसर)

शस्त्र न धरण्याची शिकवण देणारा प्रोटेस्टंट पंथ. जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे 1708 साली अलेक्झांडर माक व इतर सात जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, तेथून त्याची सुरुवात झाली. छळामुळे हे लोक पुढे अमेरिकेत गेले. मेनोनाइट व क्वेकर यांच्याप्रमाणेच ब्रदरनही येशूचे डोंगरावरील प्रवचन शब्दशः आचरायचे मानतात. म्हणून युद्धात भाग घेणे व शपथ वाहणे त्यांना वर्ज्य.

विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन हे तिघे ब्रदरन मिशनरी 1894 मध्ये भारतात आले. तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील बलसाड (आजचे वलसाड) येथे त्यांनी काम उभारले. 1899-1900 च्या छप्पनिया दुष्काळात मिशनने अन्न वाटले, अनाथ मुले सांभाळली. पुढे गुजराती भागात जलालपूर, व्यारा, अंकलेश्वर आणि मराठी भागात डहाणू, पालघर ही केंद्रे झाली. बलसाड व डहाणू येथे दवाखाने चालले.

या पंथाची अहिंसा उपासनेत घडवली जाते. प्रीतिभोजन या विधीआधी ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्याशी समेट करायचा. मग कमरेला टॉवेल बांधून, गुडघे टेकून शेजाऱ्याचे पाय परातीत धुवायचे व पुसायचे. ज्याचे पाय धुतले, तोच टॉवेल बांधून पुढच्याकडे वळतो. त्यानंतर साधे जेवण, भाकर आणि प्याला.

आजारी माणूस याकोबाच्या पत्रानुसार मंडळीच्या वडिलांना बोलावतो. पापांची क्षमा, विश्वासाला बळ आणि आरोग्य यांसाठी कपाळाला तीनदा तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. औषधोपचारही चालूच राहतात. दुःख ही देवाने दिलेली शिक्षा समजून रोग्याला एकटे सोडायचे नाही, हा या विधीचा गाभा.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तीत ब्रदरनही होते. काहींनी मात्र वेगळी वाट धरली. भावाशी भांडण एकांतात मिटवावे, असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातून शिकणाऱ्या मंडळीत मालमत्तेचा वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 2013 मध्ये निकाल लागला. अमेरिकेतील मूळ मंडळीने दोन्ही बाजूंशी नाते ठेवले आहे.