दधीचींना विचारलं होतं

मंडळी, या विकांताचा विषय जरा गंभीर आहे: देहदान, अवयवदान आणि त्यातून पुढे सरकलेलं वैद्यकशास्त्र. विषय निघाला की आपल्याकडे दधीची ऋषी हमखास येतातच. वृत्रासुराला मारायला वज्र हवं, वज्राला दधीचींची हाडं हवीत, आणि ऋषींनी देह ठेवला. कथा सगळ्यांना पाठ. पण तिच्यातला एक तपशील आपण सहज ओलांडून जातो. देव आधी त्यांच्याकडे गेले, विचारलं, आणि ते हो म्हणाले. म्हणून ते दान! न विचारता हाडं नेली असती तर त्याला वेगळा शब्द वापरावा लागला असता.

हे सांगायचं कारण म्हणजे वैद्यकाचा इतिहास वाचायला घेतला की पानोपानी जाणवतं, बहुतेक काळ कुणी कुणाला विचारलेलंच नाही.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेत शरीर आतून कसं बघायचं याची चक्क कृती दिली आहे. विषबाधेनं किंवा दीर्घ आजारानं न मेलेल्या माणसाचं शव घ्यायचं, गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यायचं, आणि मग कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर बघत जायचं. गंमत म्हणजे इतकं बारकाईनं लिहून ठेवलेली ही विद्या पुढे आपल्याकडेच मागे पडली. शव शिवणं म्हणजे विटाळ. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी मेडिकल कॉलेजात डिसेक्शन केलं तेव्हा किल्ल्यावरून तोफांची सलामी दिली गेली, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, ती जन्माला आली यावरूनच गोष्ट केवढी मोठी होती ते कळतं. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि हे नवं शिक्षण आपल्या दारात आलं.

तिकडे विलायतेत काय चाललं होतं? १८२८ साली एडिंबरात बर्क आणि हेअर या जोडगोळीनं सोळा खून पाडले, आणि प्रेतं अॅनॉटमी शिकवणाऱ्या डॉक्टरला विकली. मागणी प्रचंड, पुरवठा कमी, मग काळा बाजार होणारच. बर्कला फाशी झाली आणि त्याच्याच प्रेताचं जाहीर डिसेक्शन झालं. (त्याचा सांगाडा अजून एडिंबरात आहे.) यावर सरकारनं १८३२ च्या कायद्यानं उपाय काढला तो असा की, अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेल्या आणि कुणी ताब्यात न घेतलेल्या लोकांची प्रेतं कॉलेजांना द्यायची. खून थांबले. पण विचारायचा प्रश्न तसाच राहिला, कारण ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्या वतीनं नाही म्हणणार कोण?

आपला १९४९ चा मुंबई अॅनॉटमी कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र अॅनॉटमी कायदा, याच वाटेनं गेला. ठरावीक मुदतीत नातेवाइकांनी न नेलेलं शव वैद्यकीय संस्थेला द्यायचं, हा त्याचा गाभा. स्वेच्छेनं दिलेले देह त्यात पुढे दुरुस्तीनं आले. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात सुद्धा आधी बेवारस, मग दान.

आता सोलापूरकडे येऊ. आमच्या शुक्रवार पेठेत आजही कुणी "मेडिकल कॉलेज" म्हणत नाही, सगळं मिळून "सिव्हिल". तिथलं डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचं. म्हणजे या कायद्यानंतर चौदा वर्षांनी सुरू झालेलं. आणि शहर कसलं, तर गिरण्यांचं. तेलंगणातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसं पोटासाठी इथे येत राहिली. अशा कुठल्याही शहरात "बेवारस" म्हणजे नेमकं कोण, याचा जरा विचार करून बघा. ज्याचं गाव लांब आहे तो. ज्याच्या घरी वेळेत निरोप पोचला नाही तो. ज्याच्या घरच्यांकडे शव न्यायला पैसे नाहीत तो. म्हणजे वारस असतात, ऐपत नसते. आज आपल्यावर विश्वासानं सुरी चालवणाऱ्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या अशाच माणसांवर शिकल्या. ते ऋण आहे, आणि ते कुणी मोजलेलं नाही.

कुणी म्हणेल, आता एवढं थ्रीडी सॉफ्टवेअर आलंय, प्रेतं कशाला हवीत? मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, तरी सांगतो, हवीत. आपण नवा कोड थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही, आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो. पण टेस्ट सर्व्हरवरचा डेटा जितका गुळगुळीत, तितका तो फसवा. पुस्तकातली रक्तवाहिनी सरळ जाते, खऱ्या माणसात ती भलतीकडूनच फिरून येते. नवीन शस्त्रक्रियेचा सरावही आधी दान केलेल्या देहावर करता येतो. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात तर "शव हा आपला पहिला गुरू" अशा अर्थाचा एक धडाच आहे.

हे झालं शिकण्याचं. संशोधनाचं काय? दोन गोष्टी सांगतो, जवळजवळ एकाच काळातल्या. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईंच्या कर्करोगाच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत मरेनातच, वाढतच राहिल्या. पोलिओच्या लसीच्या चाचण्यांपासून पुढे असंख्य संशोधनं त्या "हेला" पेशींवर झाली. बाई त्याच वर्षी गेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि घरच्यांना कळायला वीसेक वर्षं लागली. २०२३ मध्ये एका बड्या कंपनीला त्यांच्या वारसांशी समझोता करावा लागला.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी "लॅन्सेट"मध्ये तीन माणसांच्या रक्ताबद्दल लिहिलं. वरवर बघता ते ओ गटाचं वाटे, पण ओ गटाचं रक्त सुद्धा त्यांना चालत नव्हतं. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो "एच" नावाचा घटकच त्यात नव्हता! हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. तीन माणसांच्या थोड्याशा रक्तानं रक्तगटांची रचना उलगडली आणि त्या गटाला नाव मिळालं ते शहराचं. रक्त हीसुद्धा ऊतीच, म्हणजे टिश्यू, बरं का. तेव्हा संशोधनाला दरवेळी अख्खा देह लागतो असं नाही.

मुंबईवरून आठवलं. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, त्याचंच हॉस्पिटल म्हणजे केईएम. तिथे फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. बर्नार्डच्या जगातल्या पहिल्या आरोपणानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी! रुग्ण काही तासच जगला. शिवाय "मेंदू मृत म्हणजे माणूस मृत" हे मानणारा कायदाच तेव्हा देशात नव्हता. तो आला १९९४ मध्ये, आणि ज्या राज्यांत तो आधी लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. या कायद्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात विचारणं हीच मुख्य पायरी आहे. नातेवाइकांची लेखी संमती नसेल तर पुढे काही नाही.

संशोधनासाठी असंच विचारून मिळवलेलं साठवण्याची मोठी जागा म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्सची ब्रेन बँक, १९९५ पासूनची. पार्किन्सन्स, अल्झायमर समजून घ्यायचे तर शेवटी माणसाचाच मेंदू लागतो. जिवंतपणी तो कापून बघता येत नाही आणि उंदराला आपल्यासारखा विसराळूपणा येत नाही. शिवाय तुलनेसाठी निरोगी मेंदूही हवेत. म्हणजे देण्यासाठी आजारीच असायला हवं असंही नाही.

आता थोडं व्यवहाराचं, कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो. अवयवदान वेगळं, देहदान वेगळं. मूत्रपिंड, यकृत, हृदय देता येतं ते साधारणपणे हॉस्पिटलात मेंदू मृत झाल्यावर, आणि ते दुसऱ्या रुग्णासाठी. (आपल्या जिल्ह्याचं हे काम पुण्याच्या विभागीय समितीमार्फत चालतं.) देहदान घरी आलेल्या साध्या मृत्यूनंतरही होतं, आणि ते शिक्षण-संशोधनासाठी. डोळे दिले तरी देह देता येतो, फक्त डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पण पोस्टमॉर्टेम झालेला किंवा मोठे अवयव काढलेला देह कॉलेजं सहसा घेत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही फॉर्म भरलात तरी शेवटचा शब्द घरच्यांचा.

आमच्या पेठेत देहदान म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मग दहावं-तेराव्याचं काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणूस गेल्यावर मागच्यांना काहीतरी करावंसं वाटतं, ती गरज खरी आहे. देह दिल्यानंतरही घरात काय विधी करायचे ते करायला कुणाची आडकाठी नसते. पण हे बोलणं त्या दिवशी रडारडीत सुरू झालं तर उत्तर जवळजवळ नेहमी "नको" असतं. जिवंतपणी, धडधाकट असताना, जेवणाच्या ताटावर झालं तर वेगळं असू शकतं.

शंभरेक वर्षं वैद्यकानं ज्यांना विचारलं नाही, ते नाही म्हणू शकत नव्हते. आपल्याला आज विचारतायत. हो म्हणा, नाही म्हणा, तो तुमचा अधिकार. पण उत्तर ठरवा आणि घरात सांगून ठेवा. रविवार आहेच, आई-बाबा समोरच असतील.