ट्यूब

यवतमाळच्या बाजारात कापसाचा भाव मोबाइलवर बघणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात जी चिप असते, तिचं कूळ शोधत गेलं की आपण केंब्रिजमधल्या एका घरगुती संगणकाच्या जोडडब्यापाशी पोचतो.

1981 साली अ‍ॅकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो आणला. आठ बिटांचा 6502 प्रोसेसर, मेमरी जेमतेम 32 केबी. आपल्याकडे 1984-85मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत आला तो हाच. त्याची खरी श्रीमंती पोटाखाली होती. यंत्र उलटं केलं की ओळीने जोडण्या दिसतात: फ्लॉपीची, प्रिंटरची, आणि एक चाळीस पिनांची, ‘ट्यूब’ लिहिलेली.

ट्यूबला दुसरा प्रोसेसर लावता यायचा. त्याच्या डब्यात त्याची स्वतःची मेमरी. आकडेमोड त्याने करायची. कीबोर्ड, पडदा, फ्लॉपी हे सगळं जुन्या 6502ने सांभाळायचं. दोघांची थेट गाठ पडतच नसे. मधली एक चिप इकडून आलेले बाइट रांगेत धरून ठेवायची, पलीकडचा सवडीने उचलायचा. त्यामुळे दोघांचा वेग निराळा, घडण निराळी असली तरी अडत नसे. झेड 80चा डबा लावला की याच यंत्रावर सीपी/एम ही कार्यप्रणाली चालायची. पुढे कोणता प्रोसेसर येईल हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाजारातले सोळा बिटांचे प्रोसेसर अ‍ॅकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या पसंतीला उतरेनात, तेव्हा स्वतःचाच प्रोसेसर करायचं ठरलं. विल्सनबाईंनी आज्ञासंच रचला आणि बीबीसी बेसिकमध्ये तो चालवून पाहिला. चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवता यावी म्हणून ती फार तापू नये, अशी अट होती. 26 एप्रिल 1985ला पहिली चिप हाती आली आणि त्याच दिवशी चालली. फर्बर तिचा वीजवापर मोजायला गेले तर मीटरवर शून्य! बघतात तो मुख्य वीज जोडलेलीच नाही. शेजारच्या जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर ती बिनबोभाट काम करत होती. आज याच कुळातल्या चिपवर चालणारा फोन दिवसभर टिकतो, त्याची मुळं त्या काटकसरीत आहेत.

1986मध्ये ही एआरएम चिप विकायला आली ती स्वतंत्र संगणक म्हणून नव्हे, तर ट्यूबला लावायच्या डब्यात. ‘आर्किमिडीज’ हा तिचा स्वतःचा संगणक 1987 साली आला. तोवर तिच्यासाठी कीबोर्ड वाचायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटवायचं काम 6502च करत होता.