शेपटीवाल्या फुलपाखरांची कुळकथा

श्रोतेहो, आपल्याकडे एक म्हण आहे : दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. माणसांच्या व्यवहारात ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण फुलपाखरांची कुळे लावणारे मोठमोठे पंडितही या म्हणीच्या फासात शंभर वर्षे अडकून पडले होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यातून सुटण्याची वाट त्यांना सापडली ती लिंबाच्या पानावर बसलेल्या अळीपाशी. या हकिकतीचा काही भाग आपल्या पुण्याशी आणि जुन्या मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. तीच हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम ही फुलपाखरे कोणती ते पाहू. आकाराने मोठी, उडण्यात जोरकस, आणि पुष्कळांच्या मागच्या पंखांना एकेक शेपूट. इंग्रजीत यांना 'स्वॅलोटेल' म्हणतात, म्हणजे पाकोळीसारख्या शेपटीची. गंमत अशी, की आपल्याकडे पाकोळी हा शब्द पक्ष्यालाही लावतात आणि फुलपाखरालाही. पण शेपटीवरून कूळ ओळखायला जाल तर पहिल्याच पायरीवर ठेच लागेल. लिंबावर घिरट्या घालणारे पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू याच कुळातले आहे, आणि त्याला शेपूट नाही. मग कूळ ओळखायचे कसे? हाच तर सगळा प्रश्न होता.

स्वीडनमध्ये कार्ल लिनियस नावाचे थोर निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेले. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे लॅटिन नाव द्यायचे, ही पद्धत त्यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सर्व प्राण्यांना लावली. जगातली त्यांना माहीत असलेली सारी फुलपाखरे त्यांनी 'पापिलिओ' या एकाच नावाखाली घातली. त्यांतल्या मोठ्या, राजबिंड्या फुलपाखरांना त्यांनी सरदार म्हटले, आणि या सरदारांचे दोन पक्ष केले. आपले जसे महाभारत, तसे ग्रीकांचे ट्रॉयचे युद्ध. काळ्या पंखांची आणि छातीशी रक्तासारखे लाल ठिपके असलेली फुलपाखरे ट्रॉयच्या पक्षात. बाकीची ग्रीकांच्या पक्षात. ट्रॉयचा राजा प्रायम याला आपल्या धृतराष्ट्रासारखे पुष्कळ पुत्र होते. त्यांची नावे फुलपाखरांना मिळाली : एकाला हेक्टर, एकाला पॅमन, एकाला पॉलिटीस. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याचे नाव ज्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराला मिळाले, ते आजही पुण्याच्या रस्त्याकडेला अशोकाच्या झाडाभोवती दिसते.

नावे मोठी थाटाची होती, परंतु ती देणाऱ्यांपुढे होती फक्त टाचणीने टोचलेली, वाळलेली फुलपाखरे. दूरदेशाहून गलबतांनी आलेली. ती कोणत्या झाडावर जन्मली, काय खाऊन वाढली, कुणाबरोबर उडत होती, हे सांगणारे त्यांच्याजवळ कुणी नव्हते. पंख पाहायचे आणि नाव द्यायचे. पुढे १७७५ साली ॲमस्टरडॅमच्या पीटर क्रॅमर यांनी पंखांवर तांबड्या खुणा असलेले आणखी एक काळे फुलपाखरू पाहिले आणि त्याला रोम्युलस म्हटले. म्हणजे पॅमन, पॉलिटीस आणि रोम्युलस अशा तीन वेगळ्या जाती कागदावर नोंदल्या गेल्या. दिसायला त्या खरोखरच वेगळ्या होत्या. पॅमन काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. पॉलिटीसच्या मागच्या पंखावर मध्ये पांढरा डाग आणि कडेला तांबडे ठिपके. रोम्युलसच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर गर्द तांबड्या टिकल्या.

आता आपण मुंबई इलाख्यात येऊ. १८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून निसर्ग इतिहास संस्था स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. त्याच आठांतले तिसरे नाव कर्नल चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याचे. मुंबई आणि दख्खन या भागातल्या फुलपाखरांची व पतंगांची त्यांनी केलेली यादी १८८५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापून आली. त्या यादीत पुण्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. पुण्यात मिळालेल्या कितीतरी पतंगांना प्रथम शास्त्रीय नाव मिळाले ते याच कामातून.

आणि चौथे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे. यांचा जन्म १८५१ सालचा, साताऱ्याचा. मिशनऱ्याचे चिरंजीव. १८७०च्या दशकात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत. ग्रीकही त्यांना उत्तम येत असे. म्हणजे पॅमन कोण, हेक्टर कोण, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. १८७६ साली ते सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात गेले, आणि उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द, कारवार अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. ग्रंथातली नावे ज्याला अर्थासकट कळत होती, असा हा माणूस आता रानात आला होता.

एटकेन आणि त्यांचे मित्र जे. डेव्हिडसन यांनी नुसती फुलपाखरे धरून पेटीत लावली नाहीत. ते अंडी आणि अळ्या शोधीत, त्या ज्या झाडावर सापडत त्याच झाडाचा पाला त्यांना घालीत, आणि कोशातून काय बाहेर पडते ते पाहत. १८९० साली मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवर या दोघांचे टिपण संस्थेच्या नियतकालिकात आले. पुढे वन खात्यातले टी. आर. बेल त्यांना मिळाले, आणि तिघांनी मिळून कारवारकडच्या, म्हणजे त्या वेळच्या उत्तर कानडा जिल्ह्यातल्या, फुलपाखरांवर मोठे लेखन केले.

अळ्या पाळल्याने काय कळले? शेपटी असो वा नसो, या कुळातल्या प्रत्येक अळीच्या डोक्यामागे एक लपलेले शिंग असते. लिंबावरच्या अळीला काडीने हळूच डिवचून पाहा. तांबूस किंवा पिवळसर रंगाचे दुहेरी शिंग एकदम बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि गांधीलमाश्या यांना पळवण्याचे हे हत्यार. फुलपाखरांच्या दुसऱ्या कोणत्याही कुळात ते नाही. कोशाचीही एक तऱ्हा आहे : शेपटाकडचे टोक फांदीला चिकटवलेले आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, माडावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर असावा तसा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या सह्याद्रीत या कुळाच्या १९ जाती आहेत. त्या सगळ्या मुख्यतः तीन चुलींवर जेवतात. पहिली चूल ईश्वरीची, जिला कुठे सापसंद म्हणतात, आणि तिच्या जातभाईंची. ही विषारी वेल आहे. मुलांना तिची पाने तोंडात घालू देऊ नयेत. हिच्यावर तांबड्या अंगाची गुलाब फुलपाखरे वाढतात : कॉमन रोज, आणि क्रिमझन रोज म्हणजेच लिनियसचा हेक्टर. काळे-पिवळे, भले थोरले सदर्न बर्डविंगही याच चुलीवरचे. दुसरी चूल लिंबू, कढीपत्ता, बेल, माकडलिंबू यांची. तिसरी सीताफळ आणि अशोक यांची. तिच्यावर अगामेम्नॉन आणि त्याचे भाऊबंद. दालचिनीच्या पाल्यावर वाढणारे एखादे अपवाद सोडले, तर चूल पाहून घर ओळखता येते. पंख पाहून कित्येकदा येत नाही.

आता आपल्या त्या तीन जातींकडे वळू. पॅमन, पॉलिटीस आणि रोम्युलस, तिघांची चूल एकच : लिंबू आणि कढीपत्ता. त्यात आणखी एक गोम होती. पॉलिटीस आणि रोम्युलस यांच्या रूपाचा नर कुणालाच कधी सापडत नव्हता, सगळ्या माद्याच. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली छापलेल्या निबंधात या गोष्टीचा उलगडा मांडला होता. ही तीन जातींची गोष्टच नाही. जात एकच. पॅमन हा तिचा नर, आणि पॉलिटीस व रोम्युलस ही तिच्या मादीची रूपे. शिवाय काही माद्या हुबेहूब नरासारख्याही असतात. लिनियसने ज्यांना प्रायमचे दोन पुत्र म्हणून सख्खे भाऊ ठरवले, ते निघाले नवरा-बायको! आज या जातीचे शास्त्रीय नाव पापिलिओ पॉलिटीस असे आहे. इंग्रजीत तिला कॉमन मॉर्मन म्हणतात, ते मॉर्मन पंथातल्या जुन्या बहुपत्नीकत्वावरून पडले असे सांगतात.

पण मादीने ही सोंगे का घ्यावीत? उत्तर पहिल्या चुलीपाशी आहे. ईश्वरीवर वाढलेल्या गुलाब फुलपाखरांच्या अंगात त्या वेलीचे विष उतरते. एखाद्या पक्ष्याने ते एकदा खाल्ले, की पुन्हा तसल्या रंगाच्या वाटेला तो जात नाही. लिंबावर वाढलेल्या मॉर्मनच्या अंगात ते विष नाही; म्हणून तिची एक मादी कॉमन रोजचा पोशाख घालते आणि दुसरी हेक्टरचा. उधारीवर घेतलेली पत म्हणा ना! हे सोंग पक्ष्यांना फसवते तसेच ग्रंथकारांनाही फसवून गेले. मात्र एका जागी ते उघडे पडते. खऱ्या गुलाब फुलपाखराचे अंग तांबडे असते, मॉर्मन मादीचे काळे. पंखांकडे पाहू नका, अंगाकडे पाहा, म्हणजे लगेच कळेल.

याची पक्की खात्री अळ्या पाळूनच झाली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, फ्रायर नावाच्या संशोधकांनी या फुलपाखरांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या. एकाच आईच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपाच्या लेकी निघू शकतात, आणि ही रूपे वंशपरंपरेने ठरतात, हे त्यांनी दाखवले. बापाकडूनही रूपाचा वारसा जातो, फक्त त्याच्या स्वतःच्या पंखांवर तो दिसत नाही.

या कथेचा पुढचा अध्याय अगदी अलीकडचा आहे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' या मराठी पुस्तकाचे लेखक डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी पुण्याच्या परिसरात फुलपाखरांचा अभ्यास केला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की मॉर्मन मादीचे सोंग एकाच जनुकाच्या हाती आहे. कीटकाचे शरीर नराचे व्हायचे की मादीचे, हे ठरवण्याच्या कामातलेच ते जनुक. लिनियसपासून पडलेले कोडे २५६ वर्षांनी असे मुळापर्यंत सुटले.

नावाची कथा मात्र आपल्या बाजूने उशिरा सुरू झाली. निळ्या-काळ्या पंखांचे मोठे ब्ल्यू मॉर्मन फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याचे मराठी नाव राणी पाकोळी. नीलवंत असेही म्हणतात. त्याचे लॅटिन नाव पॉलिम्नेस्टर क्रॅमरने दिलेले. हा पॉलिम्नेस्टर कोण? प्रायमचा जावई, आणि सोन्याच्या लोभाने आपल्याकडे ठेवायला दिलेल्या मेहुण्याचा जीव घेणारा राजा. आपल्या राणी पाकोळीने त्याचे काय घोडे मारले होते! दुरून, न पाहता दिलेल्या नावाची ही गत असते. नाव बदलण्याची गरज नाही, शास्त्राच्या सोयीसाठी ते जसेच्या तसे राहिले पाहिजे. पण ज्याच्या अंगणात ते फुलपाखरू जन्मते, त्याने त्याची खरी ओळख तरी करून घ्यावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या आवारात लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे एक झाड पुरते. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडे शोधा. त्यातून निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. मोठ्या तोंडाच्या बरणीला वर मलमलीचे फडके बांधा, आत एक काडी उभी ठेवा, ताजा पाला रोज घाला आणि घाण रोज काढा. साधारण तीन ते पाच आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येईल. तारीख, झाड, अळीचा रंग, कोशाचा दिवस आणि शेवटी निघालेले रूप, एवढे वहीत मुलांनी लिहावे आणि फुलपाखरू सोडून द्यावे. पेटीत टोचून ठेवण्याची गरज नाही. टोचलेल्या फुलपाखरांनी काय घोटाळा केला ते आपण पाहिलेच.

शेतकरी मित्रांनाही एक विनंती. नवीन लावलेल्या रोपांवर अळ्या फार झाल्या, तर त्या वेचाव्या लागतात, हे खरे आहे. पण परसातल्या मोठ्या लिंबाला चार अळ्यांनी काही होत नाही. आणि बांधावरची ईश्वरी नुसते तण म्हणून उपटण्यापूर्वी थोडा विचार करा. ती गेली की हेक्टर जाईल, आणि हेक्टर गेला की त्याचा पोशाख घालून फिरणाऱ्या मादीची उधारीची पतही बुडेल. एक वेल, दोन घरे. हा हिशेब आपल्या बांधावरच मांडलेला आहे.