कांदळवन सफर आखताना भरतीचं गणित

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जायचं तर गेटवर नोंद होते. आत किती गाड्या सोडायच्या याला मर्यादा असते, रस्ते ठरलेले असतात. विदर्भातल्या माणसाला जंगल पर्यटन म्हटलं की हेच आठवतं. कोकणातल्या खाडीतलं कांदळवन हेही जंगलच, पण त्याला गेट नाही. पाण्यातून कुणाचीही होडी आत शिरू शकते. मग गर्दी आवरायची कशी?

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत याचं एक साधं उत्तर पाहायला मिळतं. स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ मध्ये तिथे कांदळवन सफर सुरू केली. गटातल्या बायका मच्छीमार कुटुंबांतल्या. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाचा त्यांना हातभार लागला. होडी त्या स्वतः वल्हवतात आणि जाताजाता तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडं ओळखून दाखवतात.

इंजिन का नाही? कांदळवनाची झाडं चिखलात उभी असतात आणि त्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात आणि श्वास घेतात. अरुंद खाडीत यांत्रिक बोट जोरात गेली की लाटा काठावर आपटतात, चिखल सुटतो, मुळं उघडी पडतात. आवाजाने खंड्या, बगळे उडून जातात ते वेगळंच. वल्ह्याच्या होडीत माणसंही मोजकीच बसतात. म्हणजे टिपेश्वरला जी मर्यादा नियमाने घालावी लागते, ती इथे होडीच घालते. ठाणे खाडीत ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला यांत्रिक बोटी जातात, पण ती खाडी रुंद आहे. तिचा नमुना छोट्या खाडीत जसाच्या तसा उचलणं मला तरी धोक्याचं वाटतं.

दुसरी मर्यादा भरतीची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, म्हणजे भर दुपारी ओहोटी. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे ‘रोज सकाळी दहाची फेरी’ असं वेळापत्रक खाडीत चालत नाही. उथळ फाट्यांत पाणी उतरलं की होडी चिखलात रुतते. शहरातून येणारा पर्यटक यावर हमखास वैतागतो.

बांधकामाचं काय? २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने कांदळवनात पायवाटा, झाडावरच्या झोपड्या यांना सशर्त वाट दिली आहे. त्यासाठी मंजूर आराखड्यात ती जागा आणि पर्यटनाची योजना असावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. पायवाट बांधायचीच असेल तर खांबांवर, अरुंद हवी. भराव टाकला की भरतीचं पाणी अडतं आणि पाणी अडलं की मागचं जंगल वाळतं. वाहनतळ, स्वच्छतागृह, खाण्याच्या टपऱ्या त्या पट्ट्याच्या बाहेरच असाव्यात.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच आहे. पावसाळ्यात सफर बंद. जून ते सप्टेंबर घर कशावर चालवायचं? पर्यटनावरच पोट अवलंबून असेल, तर हंगामात जास्त फेऱ्या, जास्त माणसं, शेवटी इंजिन, हा मोह होणारच. राज्य सरकारच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजनेत पर्यटनासोबत खेकडेपालन, कालवंपालन, शोभिवंत मासे असे जोडधंदेही आहेत, ते यासाठीच उपयोगी पडतात. फेरीचा दर कोण ठरवतं आणि पैसे कुणाच्या हाती जातात, हेही आराखड्यात आधी लिहिलेलं असावं. बाहेरच्या ठेकेदाराला खाडी खराब झाली तर दुसरी खाडी आहे. वेंगुर्ल्याच्या मच्छीमारणीला नाही.

तुम्ही जाणार असाल तर खोली ठरवण्याआधी त्या दिवसाची भरतीची वेळ विचारून घ्या.