सभागृहाची नजर आणि तुरुंगाची भिंत

सप्टेंबर १९२९ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे अधिवेशन सिमल्यात भरले होते आणि लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास उपोषणाने मरणाच्या दारात पोचले होते. दास यांच्यासह उपोषण करणाऱ्या भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांच्या मागण्या माफक होत्या: बरे जेवण, पुस्तके, वर्तमानपत्र आणि अपमानास्पद कामाची सक्ती नको. सरकारने त्यावर विधेयक आणले. आरोपी उपोषणामुळे कोर्टात येऊ शकत नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची मुभा त्यात होती. जीनांनी १२ तारखेला या विधेयकाविरुद्ध भाषण सुरू केले आणि १४ तारखेला पुरे केले. मधल्या दिवशी, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, दास गेले. मोतीलाल नेहरूंचा तहकुबी ठराव ५५ विरुद्ध ४७ मतांनी संमत झाला आणि सरकारला सभागृहाकडून ते विधेयक मंजूर करून घेता आले नाही. पुढच्या वर्षी व्हाइसरॉयने वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमले, तेव्हा कुठे भगतसिंगांवरचा खटला पुढे सरकला. लोकप्रतिनिधींनी मनावर घेतले तर तुरुंगाची भिंत त्यांना अडवू शकत नाही, याचा हा आपल्या इतिहासातला सर्वांत ठळक पुरावा आहे. पण त्यातून हाती काय लागले? १९३० च्या सुरुवातीला सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान पाहून वरचा वर्ग मिळू लागला. क वर्गातला शेतमजूर होता तिथेच राहिला. भारतातल्या तुरुंगांवर सभागृहाची नजर पडते ती आत ओळखीची माणसे असतात तेव्हा, आणि ती बाहेर आली की तिकडे पाठ फिरते. शंभर वर्षांतल्या अपुऱ्या सुधारणांचे मूळ माझ्या मते इथे आहे.

तुरुंगाचा हेतू काय, हे या देशात कोणत्याही निवडून आलेल्या सभेने ठरवलेले नाही. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला. नैतिक शिकवण, शिक्षण, चांगल्या वागणुकीबद्दल सवलत या सगळ्या गोष्टी तिने विचारपूर्वक नाकारल्या आणि कंटाळवाण्या, एकसुरी कष्टांची शिफारस केली. या परंपरेतून आलेला १८९४ चा तुरुंग कायदा वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. त्याच्या ४६ व्या कलमात तुरुंगातील शिस्तभंगाच्या शिक्षा एकेक करून दिल्या आहेत: बेड्या, एकांतवास, तीन महिन्यांपर्यंत गोणपाटाचे कपडे, जास्तीत जास्त ३० फटके. ५३ वे कलम वेताची जाडी सांगते, अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. सोळा वर्षांखालील मुलाला मात्र शाळेतल्यासारखे हलक्या वेताने मारावे. कायदा करणाऱ्यांनी किती बारकाईने विचार केला होता आणि कशाचा केला होता, ते एवढ्यावरून कळते. कैद्याला सुधारणे हेही तुरुंगाचे काम आहे असे ठामपणे म्हटले ते अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या १९१९-२० च्या समितीने. त्यासाठी तिने विलायत, अमेरिका आणि जपानपर्यंतचे तुरुंग पाहिले. पण ऐन त्याच वेळी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी तुरुंग प्रांतांकडे गेले आणि तिथे ते राखीव खात्यात पडले. निवडून आलेल्या सदस्यांनी त्यावर बोलावे, हुकूम मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी सदस्याचा, अशी ती व्यवस्था होती. पैसा प्रांताचा आणि तोही अपुरा. समितीच्या मुख्य शिफारशी कागदावर राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटायला हवे होते. नेहरू, पटेल, शास्त्री, मोरारजी देसाई यांच्यासह सत्तेवर आलेली जवळजवळ सगळी पिढी तुरुंगातून आली होती. तरी संविधानात तुरुंग राज्यसूचीत चौथ्या क्रमांकावर गेले आणि १८९४ चा कायदा चालू राहिला. १९५५ मध्ये संसदेने फटक्यांची शिक्षा रद्द केली. न्यायालयाला यापुढे कोणालाही फटके सुनावता येणार नव्हते. तुरुंग अधीक्षकाला तो अधिकार देणारे कलम मात्र केंद्रीय कायद्यात तसेच उरले, कारण तुरुंग आता राज्यांचा विषय होता. काही राज्यांनी सवडीने ते काढले. भिंतीबाहेर जे अमानुष ठरले ते भिंतीआत कायद्याच्या पुस्तकात शिल्लक राहिले आणि त्याचा जाब कोणत्या सभागृहाने कोणाला विचारायचा, हे कधी ठरलेच नाही. पुढे आणीबाणीत विरोधी खासदार-आमदार मोठ्या संख्येने आत गेले. त्यांना बराकी, शौचकूप, मुलाकातीच्या रांगा दिसल्या. १९८० मध्ये न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांची समिती नेमली गेली आणि तिने १९८३ मध्ये दिलेला अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. तुरुंग समवर्ती सूचीत घ्या, कायमचा राष्ट्रीय आयोग नेमा, असे तिने सांगितले. दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. तोवर आत गेलेले नेते बाहेर येऊन बरीच वर्षे लोटली होती.

यावर पहिला आक्षेप असा की विषय राज्यांचा असताना संसदेला दोष देणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भिंत, भत्ता आणि भरती राज्याच्या हातात आहेत हे मान्य. पण तुरुंग कोणी भरायचा हे ठरते फौजदारी प्रक्रियेने आणि ती समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. आतल्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. ही गर्दी राज्यांच्या तुरुंग खात्याने केलेली नाही. जामीन आणि खटल्याचा वेग ठरवणाऱ्या कायद्याने ती केली आहे आणि तो कायदा संसदेचा आहे. संसदेने २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ आणून कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद केली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यासाठी ती मुदत एक तृतीयांशावर आली आणि अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली गेली. खून-दरोड्यासारखे भारी गुन्हे आणि अनेक खटल्यांतले आरोपी त्यातून वगळलेले आहेत. तरीही इच्छा असली की संसदेला वाट सापडते, हे यातून दिसतेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तुरुंगांवर नजर ठेवण्याचे काम न्यायालये करत आहेत, मग सभागृहांची गरज काय? न्यायालयांचे ऋण मोठे आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांना ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी विज्ञानपुस्तक छापायला बाहेर पाठवायचे होते. महाराष्ट्र सरकारने नकार दिला आणि सरकार त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. जे हक्क स्थानबद्धतेने काढून घेतलेले नाहीत ते माणसाजवळ राहतात, असे न्यायालयाने १९६५ मध्ये ठरवले आणि हस्तलिखित बाहेर आले. पुढे कैद्यांच्या हक्कांवरची सुनील बत्रा आणि हुसैनारा खातून ही प्रकरणे झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला तर तुरुंग नियमावल्यांतली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरली. पंचाहत्तर वर्षे ही नियमपुस्तके राज्य सरकारांच्या कपाटात होती, ती उघडायला एका पत्रकार स्त्रीची याचिका लागली. न्यायालय दारात आलेल्या प्रकरणाचा निकाल देते. अंदाजपत्रकात डॉक्टरची पदे भरायला पैसा ठेवणे, तो खर्च झाला का हे दरवर्षी तपासणे, हे त्याचे काम नव्हे. गृहविषयक संसदीय स्थायी समितीने २०२३ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवर सविस्तर अहवाल दिला आणि तो चांगला आहे. पण पोलीस, सीमा आणि आपत्ती व्यवस्थापन हेही तिचेच विषय आहेत आणि तिच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नाहीत. एका अहवालाने देखरेख होत नसते. दरवर्षी तेच प्रश्न त्याच मंत्र्याला विचारावे लागतात.

कैद्यांवर खर्च करायला मतदार राजी नसतो, असेही राजकारणी खाजगीत म्हणतात. मतदाराला हे सांगितले आहे का, की आतल्या चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही? विधानसभेत तुरुंगाची चर्चा होते ती बहुधा कैदी पळाला, मोबाइल सापडला किंवा कोणी बडा माणूस आत गेला म्हणून. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने अभ्यागत मंडळात आमदारांसाठी जागा ठेवल्या आहेत. राज्याने त्या भराव्यात, मंडळाचे शेरे दर अधिवेशनात पटलावर ठेवावेत आणि त्यावर चर्चेचा एक दिवस राखून ठेवावा. याला घटनादुरुस्ती लागत नाही. तुमच्या जिल्ह्यात तुरुंग असेल तर पुढच्या भेटीत आमदारांना एवढे विचारा: त्या मंडळावर कोण आहे, ते शेवटचे आत कधी गेले आणि त्यांनी काय लिहून ठेवले?