लहान शिंग, मोठे तोंड

माझी दादी नमरूद बादशहाची गोष्ट सांगायची. स्वतःला खुदा म्हणवणारा हा बादशहा शेवटी नाकात शिरलेल्या डासापायी मेला. आम्ही मुले हसायचो. दादी म्हणायची, ‘‘हसता काय? तोवर त्यानं किती जणांना आगीत लोटलं, ते विचारा.’’

पुढे बी.ए.ला असताना बायबलमधले दानीएलाचे पुस्तक वाचले. आम्ही त्यांना हजरत दानियाल म्हणतो. इराणात शूश येथे त्यांची कबर दाखवतात. त्या पुस्तकात एक स्वप्न आहे. समुद्रातून चार श्वापदे निघतात. चौथ्याला दहा शिंगे. त्यांच्यात एक लहान शिंग उगवते. त्याला माणसाचे डोळे असतात आणि बढाया मारणारे तोंड!

हे शिंग म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो इ.स.पूर्व १७५मध्ये गादीवर आला. नाण्यांवर त्याने स्वतःला ‘एपिफानेस’, म्हणजे प्रकट झालेला देव, म्हणवले. लोक त्याला ‘एपिमानेस’ म्हणत, म्हणजे वेडा!

इ.स.पूर्व १६८मध्ये तो इजिप्त घ्यायला निघाला. अलेक्झांड्रियाजवळ रोमचा वकील पोपिलियस लेनास याने काठीने त्याच्याभोवती रिंगण आखले आणि ‘उत्तर दे, मगच बाहेर पड’ असे बजावले. देव मुकाट्याने माघारी फिरला. पण पुढच्याच वर्षी त्याने जेरुसलेममध्ये सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना देहदंड फर्मावला, यहुद्यांच्या मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. बलवंतापुढे वाकलेली मान दुबळ्यांपुढे अशी ताठ झाली. मक्काबी बंधूंनी बंड केले आणि इ.स.पूर्व १६४मध्ये मंदिर शुद्ध केले. त्याच वर्षी अँटिओकस इराणकडच्या मोहिमेत आजाराने मेला.

या राजाची आठवण आपल्या कोकणातही आहे. त्याच्या छळामुळे आपले पूर्वज गलील सोडून निघाले, अलिबागजवळ नवगावला त्यांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. याला लेखी पुरावा नाही. पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले आणि आपल्यात राहू दिले.

दानीएलाने शिंगाला नाव दिलेले नाही. म्हणून प्रत्येक काळाने आपल्या शत्रूचे नाव तिथे लिहिले. १५२९मध्ये मार्टिन ल्यूथरने ते शिंग तुर्कांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, माथी लावले. हे वाचून मला राग आला. मग माझ्याच जुन्या कविता काढून पाहिल्या. त्यांतही शिंग नेहमी दुसऱ्याच्याच डोक्यावर होते.

श्रोतेहो, जुलमी बुडतो हे खरे. पण त्याला बुडायला वेळ लागतो. त्या वेळात शेजाऱ्याच्या दारावर थाप पडली, तेव्हा आपण कुठे होतो? दादीचा प्रश्न हाच होता, आणि तो नमरूदाला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)