तिसऱ्या आठवड्यातील ताप

एखादा मोठा उपचार आटोपून रोगी सुखरूप घरी परतला, म्हणजे संकटाचे पर्व संपले असे घरातील माणसे समजतात. आणि बहुतेक वेळा त्यांची ती समजूत खरीही ठरते. परंतु वैद्यकाच्या इतिहासात असा एक अपाय नमूद आहे की, जो रोग्याच्या मागोमाग मुकाट्याने घरी येतो, दोन-तीन आठवडे कसलीही चाहूल लागू देत नाही आणि मग साध्या तापाचे रूप घेऊन प्रकट होतो. हृदयाची बिघडलेली लय सुधारण्याच्या एका आधुनिक उपचारातून तो उद्भवतो. तो अत्यंत विरळा आहे. पण ओळखण्यास विलंब झाला तर अत्यंत घातक आहे. तो वैद्यांना कसा उमगला, याची कथा विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते.

निरोगी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, आकुंचनाची आज्ञा एकाच केंद्राकडून मिळते. अलिंद-कंपन या विकारात ही शिस्त मोडते. सेनापतीची हाक ऐकू न आलेल्या सैन्याप्रमाणे प्रत्येक तंतू आपल्याच तालाने चालू लागतो आणि अलिंद नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहते. नाडी अनियमित होते, दम लागतो, आणि आत रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अनियमित नाडीचे मूळ या कंपनात आहे, हे लंडनचे थॉमस लुईस आणि व्हिएन्नाचे रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. परंतु कारण कळले तरी मुळावर घाव घालण्याचे साधन हाती येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला.

ते साधन प्रथम शस्त्रवैद्यांनी शोधले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये छाती उघडून अलिंदाच्या भिंतीला ठरावीक रेषांत छेद दिले. त्या छेदांचे व्रण भरून आले की त्यांतून विद्युत्प्रवाह जाऊ शकत नाही. भरकटलेल्या लहरींना जणू तटबंदी होते. परंतु एवढी मोठी शस्त्रक्रिया किती जणांना सोसणार? इकडे सॅन फ्रान्सिस्को येथे मेल्विन शाइनमन यांनी १९८१ मध्येच मांडीच्या शिरेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेऊन तेथील विद्युत्मार्ग तोडण्याची वाट खुली केली होती. पुढे या नळीच्या टोकाशी रेडिओ-लहरींची उष्णता देऊन ऊतींचा लहानसा भाग जाळण्याची पद्धत रूढ झाली.

मग १९९८ साल उजाडले. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रोग्यांची कसून तपासणी केली. त्यांच्या हृदयात कंपन सुरू करून देणारी ६९ ठिकाणे सापडली, आणि त्यांपैकी शेकडा ९४ ठिकाणे फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. चोर घरात नसून दाराच्या बोळात दडलेला आहे, असा हा शोध होता. तेथेच डाग दिला तर रोग बरा होईल, या आशेने अनेक देशांतील वैद्य कामाला लागले.

आशेबरोबर पहिला धडाही त्याच वर्षी मिळाला. शिरेच्या आतच जाळल्यामुळे तेथील व्रण आकसतो आणि शीर अरुंद होते, असे अमेरिकेतील काही रोग्यांत दिसून आले. अशा रोग्यांना काही महिन्यांनी दम लागे, खोकला येई, क्वचित थुंकीतून रक्त पडे. आणि त्यांच्यावर न्यूमोनिया किंवा दमा समजून उपचार होत. यावर तोड निघाली ती अशी की, शिरेच्या आत न जाळता तिच्या मुखाभोवती, अलिंदाच्या भिंतीवर, कडे केल्याप्रमाणे डाग द्यावेत. तोड उत्तम होती. शिरा आकसण्याचे प्रमाण पुष्कळच उतरले. परंतु एक आपत्ती टाळण्यासाठी वैद्यांचा हात जेथे सरकला, तेथे दुसरी आपत्ती उभी होती. डाव्या अलिंदाची मागची भिंत पातळ असते, आणि तिच्या पाठीशी अगदी लगटून अन्ननलिका जाते. दोहोंमधील अंतर काही ठिकाणी मिलिमीटरांतच मोजावे लागते.

या नव्या धोक्याची पहिली खूण शस्त्रक्रियागृहात दिसली. उघड्या हृदयावर रेडिओ-लहरी वापरणाऱ्या जर्मनीतील लाइपझिगच्या शस्त्रवैद्यांनी २००३ मध्ये आपल्या ३८७ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतील चौघांच्या अन्ननलिकेला छिद्र पडले होते. आणि हा धोका फार मोठा तर नाही ना, हा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. पाठोपाठ २००४ मध्ये कार्लो पाप्पोने व सहकाऱ्यांनी कॅथेटरने उपचार झालेल्या दोन रोग्यांची हकीगत छापली. एक दगावला होता. दुसरा तातडीच्या शस्त्रक्रियेने वाचला होता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथूनही मॉरिसिओ स्कानावाका यांनी त्याच वर्षी असाच अनुभव कळवला. उपचाराची कीर्ती वाढत असताना त्याचे अपयश छापून मोकळे होणे सोपे नसते. परंतु तसे झाले म्हणूनच जगातील इतर वैद्य सावध झाले.

हा अपाय इतका उशिरा का प्रकट होतो, याचा उलगडाही हळूहळू झाला. उष्णतेने अन्ननलिका त्याच दिवशी फुटत नाही. तिच्या भिंतीला व त्या भिंतीस रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते, तेथे व्रण पडतो, तो चिघळत जातो, आणि काही दिवसांनी अथवा आठवड्यांनी अन्ननलिका व हृदय यांच्यामध्ये आरपार वाट तयार होते. त्या वाटेने जंतू, हवा आणि अन्नाचे कणही रक्तात शिरतात. म्हणून ताप व हुडहुडी, छातीत किंवा गिळताना दुखणे, रक्ताची उलटी, आणि मेंदूकडे हवा वा गुठळी गेल्यास अर्धांगाची लक्षणे, असा हा विचित्र मेळ जमतो. यांतले प्रत्येक लक्षण वेगळ्याच रोगाकडे बोट दाखवते. त्यांना बांधणारे सूत्र म्हणजे काही आठवड्यांपूर्वी झालेला हृदयावरील उपचार.

येथे आणखी एक सापळा आहे. रक्ताची उलटी झाली, गिळताना दुखले, तर घशातून दुर्बीण घालून आत पाहावे, असे कोणाही वैद्यास स्वाभाविकपणे सुचते. परंतु या तपासणीत अन्ननलिका फुगवण्यासाठी हवा सोडतात. आणि ती हवा त्या वाटेने हृदयात व तेथून मेंदूत जाऊन रोगी दगावल्याची उदाहरणे नमूद आहेत. म्हणून शंका येताच तोंडाने अन्नपाणी बंद करावे, छातीचे सीटी स्कॅन आधी करावे आणि शस्त्रवैद्यास बोलवावे, असा दंडक पडला.

या अपायाचा विस्तृत हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस देशांतील २१४ केंद्रांत झालेल्या ५,५३,७२९ उपचारांमध्ये १३८ जणांना तो झाल्याचे आढळले. म्हणजे सुमारे चार हजारांत एक. पहिले लक्षण दिसण्याचा मध्यम काळ १८ दिवसांचा होता, आणि निम्म्याहून अधिक रोग्यांत ते पहिले लक्षण ताप हेच होते. शस्त्रक्रिया लाभलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वाचले. केवळ औषधांवर राहिलेल्यांपैकी दहांत एकच. शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रोगी मुळात कमी खालावलेले असू शकतात, हे धरूनही वेळेचे मोल यातून स्पष्ट होते.

प्रतिबंधाचे उपायही थांबलेले नाहीत. मागच्या भिंतीवर उष्णता कमी व अल्पकाळ देणे, अन्ननलिकेचे तापमान सतत मोजणे, नंतर काही आठवडे आम्लनाशक औषध देणे, या गोष्टी रूढ झाल्या. अलीकडे उष्णतेऐवजी क्षणमात्र विद्युत्स्पंद देऊन हृदयाच्या पेशी निकामी करण्याची पद्धत आली. युरोपात २०२१ मध्ये व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस तिला मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,६४२ रोग्यांच्या पाहणीत या पद्धतीने अन्ननलिकेस असा अपाय झाल्याचे एकही उदाहरण नव्हते. तथापि तिचेही काही स्वतंत्र धोके दिसले आहेत; आणि उष्णतेचा उपचार झालेली माणसे तर असंख्य आहेत.

अशा रोग्याच्या घरी तिसऱ्या आठवड्यात ताप येतो, तेव्हा परिस्थिती मोठी चमत्कारिक असते. ज्याला या अपायाची माहिती आहे तो हृदयतज्ज्ञ दूर शहरात असतो. जो शेजारी आहे त्या कुटुंबवैद्याने असा रोगी आयुष्यात पाहिलेला नसतो. हिवताप, विषमज्वर, पडसे असे तापाचे नेहमीचे मानकरी दारात उभे असताना या अनोळखी पाहुण्याची आठवण कोणास व्हावी? आणि बहुतेकांच्या बाबतीत तो ताप खरोखरच साधा निघतो, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु दोन महिने उलटेपर्यंत ताप, गिळताना वेदना, रक्ताची उलटी किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर उपचार कोणत्या तारखेस व कोणता झाला हे वैद्यास आपण होऊन सांगणे, उपचारकेंद्राशी त्याच दिवशी संपर्क साधणे आणि दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी हृदयतज्ज्ञाला विचारावयास लावणे, एवढे घरच्या माणसांच्या हाती आहे.

बोर्दो, लाइपझिग, मिलान, साओ पाउलो येथील वैद्यांनी जे मोल देऊन शिकले, ते रोग्याच्या उशाशी पोचवणारा दुवा पुष्कळदा एखादी पत्नी, मुलगा किंवा सून असते. रुग्णालयातून मिळालेला कागद कपाटाच्या तळाशी न टाकता दोन महिने सहज हाती लागेल असा ठेवणे, ही तशी किरकोळ गोष्ट. चार हजारांतील एका घरी मात्र तो कागद वेळेवर सापडतो की नाही, यावर एका माणसाचे प्राण अवलंबून असतात. आणि ते घर कोणते, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.